साठात बासष्ट

“खाली आहे,” सुलक्षणा स्वयंपाकघरातून म्हणाली.

लीलाधर भंगाळे खुर्चीत डोळे मिटून बसले होते, आणि डोळे मिटून बसलेल्या माणसाशी कुणी बोलू नये एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा होती. कूलर बंद होता. मे महिन्यात, जळगावात, दुपारी चार वाजता कूलर बंद करून गाणं ऐकत बसणारा माणूस एक तर मोठा रसिक असतो, नाहीतर त्याच्या मुलानं पुण्याहून काहीतरी पाठवलेलं असतं. समाधाननं पाठवलेला डबा साबणाच्या वडीएवढा होता. तो वायफायमधून गाणी ओढून घ्यायचा आणि लाल-पांढऱ्या वायरींतून सरदारभाईंच्या अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचा. हा अ‍ॅम्प्लिफायर छत्तीस वर्षांचा. सरदारभाईंनी तो धुळ्याच्या आपल्या दुकानात स्वतः बांधला होता, ट्रान्सफॉर्मरसुद्धा हातानं गुंडाळला होता, आणि मागे वायरी खोचायच्या भोकांवर लाल रंगानं ‘रेडिओ’, ‘टेप’, ‘तबकडी’ अशी अक्षरं काढली होती. चौथ्या जोडीवर ‘जादा’ लिहिलं होतं. हे कशाला, असं लीलाधरांनी तेव्हा विचारलं, तर सरदारभाई म्हणाले, “पुढं काही निघालं तर.” निघायला छत्तीस वर्षं लागली, पण निघालं. डबा ‘जादा’त बसला, आणि फोनवरून समाधान अर्धा तास चोवीस बिट आणि हर्ट्‌झ अशा शब्दांत बापाचं अभिनंदन करत राहिला. “पप्पा, स्टुडिओत गायलं तसंच्या तसं आहे हे. मधे काही गळालेलं नाही. आता तुमच्या आणि गाणाऱ्या बाईच्या मधे कोणी नाही.” लीलाधर म्हणाले, “तुझी आई आहे.” मग त्यांनी फोन ठेवला, कूलर बंद केला आणि होडीचं गाणं लावलं. गाणारीनं पहिल्या ओळीआधी घेतलेला श्वास ऐकू आला. तबल्यावरचं बोट उचललेलं ऐकू आलं. कुठंतरी मागं कुणीतरी खुर्ची सरकवली होती, तीही ऐकू आली, आणि त्या कोण कुठल्या माणसाची साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची खुर्ची आपल्या दादावाडीतल्या घरात सरकली, याचं लीलाधरांना भरून आलं. घामही येत होता, त्यामुळे नक्की काय आलं ते सांगता येणार नाही.

“काय खाली आहे?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

“गाणं.”

भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तितक्याच आवाजात. ती उन्हात वाळलेल्या ज्वारीच्या बिबड्या पत्र्याच्या डब्यात भरत होती, एकेक बिबडी कागदासारखी वाजत होती, आणि ते वाजणं त्या एका शब्दापुरतंही थांबलं नाही. लीलाधरांचे डोळे मात्र उघडले. बाहेरून पाहिलं तर काहीच झालं नव्हतं. बायको गाण्याविषयी काहीतरी बोलली होती. पण एकतीस वर्षांत ती गाण्याविषयी एक अक्षर बोलली नव्हती. चांगलं नाही, वाईट नाही. घरात टेप वाजायचा, टीव्हीवर लहान मुलं गळा काढून स्पर्धा जिंकायची, शेजारच्या हिलाल तात्यांच्या नातीच्या हळदीत डीजेनं भिंती हलवल्या, आणि सुलक्षणा त्या सगळ्यातून नळाला पाणी आलं की नाही ते बघायला जायची. माणसं गाण्यातून अशी निघून जातात हे लीलाधरांना ठाऊक होतं. ती का निघून गेली हेही ठाऊक होतं, पण ठाऊक असलेल्या गोष्टी ठेवायला माणसाकडं माळा असतो आणि माळ्यावर चढायचं वय त्यांचं उरलं नव्हतं.

त्यांनी कपाटातून कॅसेट काढली. साठ मिनिटांची, पांढऱ्या खोळीवर त्यांच्याच हातानं लिहिलेली चौदा गाण्यांची यादी, मोजणीच्या नकाशावर लिहितात तशा वळणदार अक्षरात. साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या तीन महिन्यांत, तेव्हा ते धुळ्याला भूमापक होते, ही कॅसेट त्यांनी सरदारभाईंकडून भरून घेतली आणि असोद्याला सुलक्षणाकडे पाठवली. तेव्हा तशी रीत होती. दुकानात यादी द्यायची, सरदारभाई तबकड्यांवरून कोऱ्या कॅसेटवर गाणी उतरवून द्यायचे. लोक चिठ्ठ्या पाठवायचे, कुणी साडी पाठवायचं. लीलाधरांनी चौदा गाणी पाठवली, कारण चिठ्ठीत काय लिहावं ते त्यांना सुचलं नव्हतं आणि साडीतलं कळत नव्हतं. होडीचं गाणं पहिल्या बाजूला तिसरं. त्यांनी ते लावलं. आधी खरखर, मग गाणारी. आणि पहिल्याच ओळीला त्यांच्या मानेवरचा घाम गार झाला. ही बाई डब्यातल्या बाईपेक्षा वर गात होती. फार नाही. दाराच्या उंबऱ्याएवढी वर. तरुण, लगबगीची, कुठंतरी पोचायची घाई असलेली. डब्यातली बाई तेच गाणं जेवण झाल्यावर गात होती.

समाधानला फोन लावला. “पप्पा, कॅसेट चुकीची असणार. डब्यात चूक होऊच शकत नाही, आकडे असतात.” आकड्यांबद्दल मुलानं आपल्याला सांगावं याचा लीलाधरांना राग आला. ही कॅसेट मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. चौतीस वर्षं त्यांनी खानदेशची जमीन मोजली होती. नोकरीच्या सुरुवातीला रोज सकाळी कचेरीच्या आवारात दोन दगडांमधे साखळी ताणून पाहायची असे, कारण साखळी ओढूनओढून लांबते, आणि लांबलेल्या साखळीनं मोजणाऱ्याला प्रत्येक शेत थोडं लहान दिसतं. मोजणाऱ्याला ते कळत नाही. त्याच्याकडं दुसरी साखळी नसते. हे सगळं त्यांना नव्यानं आलेल्या भूमापकांना शिकवायची हौस होती. आता त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि गाणं मोजलं. डबा आपली लांबी स्वतःच सांगत होता, चार मिनिटं वीस सेकंद. कॅसेट चार मिनिटं बारा सेकंदांत आटोपली. त्यांनी तीनदा मोजलं, तीनदा मोजायचं असा नियम होता. आठ सेकंद. दर वेळी आठ.

“तुला कसं कळलं?” त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं.

“काय कसं कळलं?” सुलक्षणानं डब्याचं झाकण दाबलं. “ऐकू येतं ना मला. कूलर लावा आता, जीव चालला उकाड्यानं. तुमच्या त्या बाईला काही होत नाही, ती बसली असेल तिकडं एसीत.”

त्यांनी कूलर लावला. पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा, मेहरूणच्या एका कारागिरानं बनवलेला कूलर; तो लागला की घरात विमानतळ असल्यासारखं होतं. एक जाड, सपाट ‘घूं’ चारी खोल्यांत भरून जातो आणि मार्च ते जून माणसं एकमेकांशी हातवारे करून बोलतात. सुलक्षणाला तो आवाज आवडायचा. इतकं कुणाला आवडलेलं लीलाधरांनी पाहिलं नव्हतं. थंडीतसुद्धा एकदोनदा ती म्हणाली होती, कूलर नसला की घर कसं उघडं वाटतं. त्या आवाजात ते खुर्चीवर बसले, आठ सेकंद हातात घेऊन, आणि माळा आपोआप खाली आला.

अमळनेर. त्र्याण्णव साल, संक्रांतीनंतरचं कचेरीचं स्नेहसंमेलन, दुपारची वेळ, शाळेच्या हॉलमधे सतरंज्या. नाव लीलाधरांनीच दिलं होतं. तिनं नाही म्हटलं होतं. तीन दिवस नाही म्हटलं होतं. पण ते घरात पाच वर्षं ऐकत होते. पोळ्या लाटताना, समाधानला न्हाऊ घालताना ती ती चौदा गाणी म्हणायची, आणि गाण्यावर टेप लावला तर दोन आवाज एकमेकांत असे मिसळायचे की पोळी कोण लाटतंय आणि टेपमधे कोण आहे ते कळायचं नाही. तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. असोद्याच्या केळीच्या वखारीमागच्या घरात कॅसेट ऐकून ती शिकली होती. लीलाधरांना वाटलं, लोकांना ऐकू द्यावं. खरं तर वाटलं, लोकांना बघू द्यावं, की बघा, भंगाळ्यांकडं काय आहे. पेटीवर जीवराम गुरुजी होते. त्यांनी विचारलं, ताई, कुठल्या पट्टीत? तिला पट्टी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, मी गाते, तुम्ही या. आणि तिनं होडीचं गाणं सुरू केलं. गुरुजींनी काळी चार दाबली. जमेना. तिच्या शेजारची पांढरी सहा दाबली, जमेना. पुन्हा काळी. ती गात होती, नजर समोरच्या भिंतीवर, आणि गुरुजींची बोटं अंधारात किल्ली शोधणाऱ्या माणसासारखी पट्ट्यांवर फिरत होती, आणि पेटी आणि बाई यांच्यामधे एक दात करकरल्यासारखा आवाज होत होता जो कुणीच काढत नव्हतं. एखाद्या शिकलेल्या बाईनं आपला सूर थोडा सरकवून पेटीला लावला असता. सुलक्षणा सरकली नाही. तिला सरकायचं असतं हेच माहीत नव्हतं. पहिल्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मोठ्या साहेबांनी मान वळवून लीलाधरांकडं पाहिलं. त्या पाहण्यात काही नव्हतं, साधं पाहणं होतं, पण लीलाधरांच्या कानशिलात ऊन चढलं आणि तोंडातून शब्द आधी निघाले, अख्ख्या हॉलला ऐकू जातील असे: “साहेब, आमच्या मॅडम बांधावरनं चालल्यात. या गटात नाहीत आणि त्या गटातही नाहीत!”

भूमापकांच्या हॉलमधे यापेक्षा चांगला विनोद होऊ शकत नव्हता. साहेब पोट धरून हसले. गुरुजींनी पेटीवरून हात काढून कपाळाला लावले आणि तेही हसले. सुलक्षणानं दोन कडवी म्हटली, तिसरं म्हटलं नाही, आणि खाली बसताना तीही हसली. तीच गोष्ट लीलाधरांनी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितली, की तीही हसली होती. विनोद पुढं गाजला. बदली होऊन जिथं जावं तिथं तो आधी पोचलेला असायचा. “काय भंगाळे, वहिनी बांधावर का गटात?” निवृत्तीच्या समारंभात तो तीन जणांनी सांगितला, आणि तिन्ही वेळा सुलक्षणा, हातात शाल आणि नारळ घेऊन, बरोबर जागेवर हसली. ती गायची बंद कधी झाली ते त्यांना सांगता आलं नसतं. एखादं दुकान बंद होतं तसं. एक दिवस लक्षात येतं की पाटी आहे आणि आत वेगळंच काहीतरी विकतात. त्यांनी एकदा विचारलंही, काय गं, हल्ली गात नाहीस? ती म्हणाली, वेळ कुठंय. समाधान तेव्हा लहान होता, ते खरंही होतं.

आणि आता आठ सेकंद. कॅसेटच जर काळी चार आणि पांढरी सहाच्या मधल्या फटीत गात होती, तर सुलक्षणा त्या दिवशी केसभरही चुकलेली नव्हती. तिनं जे ऐकलं ते, जिथं ऐकलं तिथं, तसंच्या तसं ठेवलं. त्या हॉलमधे अचूक मोजणारी ती एकटी होती, आणि बाकी सगळे पगारी भूमापक होते. विनोद खरा होता. ती बांधावरच होती. पण बांध कुणी घातला, हे कळल्याशिवाय त्यांना बरं वाटणार नव्हतं, आणि ते कळलं की अजिबात बरं वाटणार नाही अशीही एक शंका होती. दोष सरदारभाईंचा निघावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती. म्हाताऱ्या मित्राबद्दल अशी इच्छा धरणं बरं नव्हे म्हणून ते स्वतःशी म्हणाले, केवळ चौकशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्शनच्या दाखल्याचं कारण सांगून ते धुळ्याच्या बसमधे बसले. “मे महिन्यात कसला दाखला?” सुलक्षणानं विचारलं. “जिवंत असल्याचा.” “तो तर नोव्हेंबरात देता ना.” “मधेमधे खात्री केलेली बरी.” तिनं पाण्याची बाटली आणि कांदा त्यांच्या पिशवीत टाकला. एरंडोलला शेजारी एक म्हातारी येऊन बसली, “भाऊ, हाई जागा कोनी शे का?” असं विचारून उत्तराआधीच. तिच्या नातवाच्या फोनवर एक गाणं वाजत होतं, डब्यात खडे हलवल्यासारखं, आणि म्हातारी त्यावर आनंदानं गुडघा हलवत होती. चोवीस बिटांशिवाय तिचं काही अडत नव्हतं. पारोळ्यापर्यंत लीलाधर त्या गुडघ्याकडं बघत राहिले. सुलक्षणाचा गुडघा हलतो का, हे त्यांना आठवेना. पोळी लाटताना पूर्वी उजवा खांदा थोडा वर जायचा, वरच्या सुराला. नंतर?

सरदारभाईंचं दुकान केव्हाच बंद झालं होतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळत. घर मागच्या गल्लीत तेच. अठ्ठ्याहत्तरीचे सरदारभाई बाजेवर बसले होते, दोन्ही कानांत ऐकण्याची यंत्रं. “या साहेब, या! रईसा, चहा टाक, मोजणीवाले साहेब आले.” मग कानातल्या यंत्राला हात लावून म्हणाले, “हे रमीजनं आणून दिलं, नातवानं. सगळं ऐकू येतं हो. ताट, वाटी, शेजारच्याची भांडणं. चांगलं काहीच ऐकू येत नाही.” रईसाभाभी आतून म्हणाल्या, “माझं तर काहीच ऐकू येत नाही त्यांना, मशीन काय नि बिनमशीन काय.” “तेवढं चांगलं काम करतं,” सरदारभाई म्हणाले. लीलाधर हसले, चहा आला, ‘जादा’च्या भोकांत डबा बसल्याचं ऐकून सरदारभाईंनी मांडीवर थाप मारली, आणि मग लीलाधरांनी पिशवीतून कॅसेट काढून बाजेवर ठेवली.

सरदारभाईंनी खोळीवरची यादी डोळ्यांजवळ नेली. ओठ हलवत चौदाही गाणी वाचली. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की लीलाधरांना तिथून उठून जावंसं वाटलं.

“ही ती. वहिनींची.”

“हिचा वेग चुकलाय, सरदारभाई. गाणं वर गेलंय. तुमच्या मशीनची मोटर—”

“माझी मोटर?” सरदारभाईंनी कॅसेट खाली ठेवली. “साहेब, आठवत नाही तुम्हाला? तीन दिवस माझ्या दुकानात बसून होते तुम्ही. गाणी बासष्ट मिनिटांची, कॅसेट साठाची. मी म्हटलं, एक गाळा. तुम्ही म्हणाले, कुठलं? मी म्हटलं, हे घ्या, होडीचं, साधंच आहे. तुम्ही म्हणाले, ते तर नाहीच. दुसरं दाखवलं, तेही नाही. दुसरी कॅसेट घ्या म्हटलं, तर म्हणे दोन पाठवल्या की लोक हसतील. मग मीच म्हटलं, मोटरचा स्क्रू थोडा मागं घेतो, टेप हळू पळेल, भरताना दोन मिनिटं जास्त मावतील. पण वाजवताना गाणं धावेल, सूर चढेल. सांगितलं होतं मी. हजार कॅसेटी भरल्या असतील, साहेब, स्क्रूला हात लावला तो त्या एकीला.”

“मी काय म्हणालो?”

सरदारभाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला. त्यांना ते सांगायचं नव्हतं, असं लीलाधरांना वाटलं. पण जुने कारागीर गिऱ्हाइकाचे शब्द विसरत नाहीत.

“तुम्ही म्हणाले, भरा हो. कुणाला कळतंय?”

परतीच्या बसमधे खिडकीतून येणारी हवा भट्टीची होती आणि लीलाधरांनी खिडकी लावली नाही. त्यांना तो दिवस आठवू लागला. सरदारभाईंनी सांगितला म्हणून आठवतोय की खराच, ते कळत नव्हतं; सव्वीस वर्षांचा एक बारीक मिशीचा भूमापक दुकानाच्या स्टुलावर बसलेला, आणि एकही गाणं त्याच्यानं सुटत नाही. तिला फक्त दोनदा पाहिलं होतं त्यानं. एकदा पोह्यांच्या बशीआडून, एकदा साखरपुड्यात. चौदांपैकी एखादं गाणं नेमकं तिचं असलं आणि तेच आपण गाळलं तर? एवढंच होतं त्याच्या डोक्यात. तो मुलगा लीलाधरांना बरा वाटला. साठात बासष्ट बसवायला निघालेल्या माणसावर कितीसं रागवायचं. राग येत होता तो पाच वर्षांनी पुढच्या रांगेत बसलेल्या माणसाचा, ज्याच्याकडं मोजायला दोन दगड होते, घरात कॅसेट होती, गुरुजींची पेटी समोर होती, आणि ज्याला एकदाही वाटलं नाही की आधी साखळी ताणून बघावी. कुणाला कळतंय. जिला पाठवली तिलाच कळलं होतं. आता घरी जाऊन काय करायचं ते त्यांना माहीत होतं, आणि मागायचं काय तेही. तिनं एकदा, फक्त एकदा, होडीचं गाणं पुरं म्हणावं. तिसऱ्या कडव्यासकट. पण बस जळगावच्या स्टँडमधे शिरेपर्यंत त्यांना दुसरंही दिसायला लागलं होतं: चुकीची माफी मागता येते, पण विनोदाची कशी मागतात, त्याचा नमुना अर्ज कुठल्याच कचेरीत त्यांनी पाहिला नव्हता.

सुलक्षणा कूलरपुढं बसून तुरीच्या डाळीतले खडे काढत होती. त्यांनी कूलर बंद केला. ती वर बघून म्हणाली, “पुन्हा ती बाई?”

“नाही. मला बोलायचंय.”

त्यांनी सगळं सांगितलं. उभं राहूनच सांगितलं, साहेबांपुढं अहवाल द्यावा तसं. आठ सेकंद, बासष्ट मिनिटं, स्क्रू, कुणाला कळतंय. मग अमळनेर. अमळनेरला त्यांचा आवाज मोजणीच्या जुन्या फितीसारखा अडकत अडकत निघाला. “तू बरोबर होतीस. पेटी बरोबर होती. तूही बरोबर होतीस. चूक कॅसेटमधे होती, आणि ती मी घातली होती, आणि वर मीच—”

सुलक्षणानं एक खडा शोधून बाजूला टाकला.

“मला माहीत होतं, वर आहे ते.”

“कधीपासून?”

“असोद्यालाच. रेडिओवर तेच गाणं खाली लागायचं. भाऊ म्हणायचा, ताई, कॅसेटमधे खोट दिसतेय. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, रेडिओ बिघडलाय. ते सरकारी मोजणीदार आहेत, त्यांनी पाठवलेलं कसं चुकेल?” ती हे हसून म्हणाली, आणि मग हसणं थोडं मागं राहिलं. “अमळनेरला गुरुजींनी पेटी धरली तेव्हा कळलं, रेडिओ बरोबर होता म्हणून. पण तेव्हा गाणं सुरू झालेलं होतं. आणि मला ते दुसरीकडं येतच नव्हतं हो. अजून नाही येत.”

“तू मला सांगितलं का नाहीस? नंतर?”

“काय सांगायचं? लोक हसत होते तुमच्या बोलण्यावर. तुम्ही इतके खूश होते.”

त्यांना वाटलं, ओरडावं, की मी खूश नव्हतो, घाबरलो होतो. पण ते एकतीस वर्षांनी सांगण्यात काही अर्थ होता की नव्हता हे ठरेपर्यंत ती पुढची मूठ निवडायला लागली होती. “एकदा म्हण,” ते म्हणाले. “होडीचं. तुझ्या जागेवरून. मला ऐकायचंय.”

“आता काय या वयात,” सुलक्षणा म्हणाली. “काहीतरीच. दार उघडंय, हिलाल तात्या ओट्यावर बसलेत. लावा तो कूलर, जीव घाबरा होतोय.” डाळीचं ताट उचलून ती आत गेली.

त्यांनी कूलर लावला. काय मागितलं आणि काय मिळालं याचा हिशेब साधा होता, आणि आपल्याला हेच मिळायला हवं होतं असं त्यांना वाटलं. विमानतळ सुरू झाला. ते खुर्चीत बसले, समोर सरदारभाईंचा अ‍ॅम्प्लिफायर, त्यावर साबणाची वडी, तिचा निळा दिवा. त्यात म्हणे दहा कोटी गाणी होती, एकही न गळता. त्यांनी डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग, मे महिन्यात जळगावात रोज जे होतं ते झालं: वीज गेली.

निळा दिवा विझला. कूलरचं पातं दोनचारदा खडखडून थांबलं. आणि घर जिथं उघडं पडलं तिथं, स्वयंपाकघरात, एक आवाज उरला. जाडसर, साठीतला, वरच्या सुराला जरासा फाटणारा. होडीचं गाणं, दुसरं कडवं, मधूनच. डाळ धुण्याच्या पाण्याचा आवाज त्याखाली. ती आत्ता सुरू झालेली नव्हती. आवाज तापलेला होता, बराच वेळ चाललेल्या माणसाच्या पावलांसारखा. लीलाधर हललेच नाहीत. एका क्षणात त्यांना मार्च ते जून, मार्च ते जून, असे एकतीस उन्हाळे दिसले, आणि त्या सगळ्या उन्हाळ्यांच्या पोटात, पत्र्याच्या ‘घूं’मागं, हे. म्हणून थंडीत घर उघडं वाटायचं. तो तिचा पडदा होता. आणि आता तो गळून पडला होता, आणि तिच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं, पाणी वाजत होतं म्हणून. नळ बंद होईल, तिला शांतता ऐकू येईल, आणि ते दुकान पुन्हा बंद. पाटीसकट. हातात फार तर दोन श्वास, तीन.

चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या, बासष्ट वर्षांच्या, निवृत्त तालुका भूमापकानं खुर्चीत ताठ बसून तोंड मिटलं आणि नाकातून कूलरचा आवाज काढायला सुरुवात केली. “घूंऽऽऽ.” जमेल तितका जाड, जमेल तितका सपाट. श्वास संपला तेव्हा चोरून घेतला आणि पुन्हा. आयुष्यात त्यांनी कधी सूर लावला नव्हता. हा लागला का कशाचा ते त्यांना कळत नव्हतं. ओट्यावरून हिलाल तात्यांनी वाकून आत पाहिलं, आणि लीलाधरांनी त्यांना हातानंच, मोजणीच्या वेळी झेंडीवाल्याला करतात तशी, हलू नका अशी खूण केली.

नळ बंद झाला. आवाज थांबला.

लीलाधर थांबले नाहीत. घाम डोळ्यांत उतरत होता, छाती भरत आली होती, आणि आपण किती मूर्ख दिसतोय हे त्यांना लख्ख दिसत होतं. ते दिसणं त्यांनी बाजूला ठेवलं. घूंऽऽऽ. स्वयंपाकघरात बांगडी ओट्याला लागली.

“खाली आहे,” सुलक्षणा आतून म्हणाली.

त्यांनी आवाज थोडा वर नेला. उंबऱ्याएवढा.

“अजून. हं. तिथंच धरा.”

त्यांनी धरला. आणि काळी चार आणि पांढरी सहाच्या मधल्या त्या जागेवरून तिनं तिसरं कडवं उचललं.